चारशे बारा घरांचा वेग

कान हा काय अवयव आहे का हो, माणसाची लायकी त्यावरून ठरवावी असा? पण ठरली. लष्करी दवाखान्याच्या बंद खोलीत तिच्या डोक्यावर हेडफोन चढवले, आवाज आला की बटण दाब म्हणाले, आणि उजव्या कानात जे बारीक, उंच आवाज सोडले ते तिच्यापर्यंत पोचलेच नाहीत. ती आपली बटणावर अंगठा ठेवून इमानदारीत वाट बघत बसली. बाहेर आली तर कागदावर शिक्का: कायमची अपात्र. फेरतपासणीचा अर्ज केला, दुसऱ्या डॉक्टरांनी तपासलं, आणि पहिल्या शिक्क्याच्या शेजारी दुसरा उमटला.

तिला गल्लीत सगळे जनरल म्हणायचे. सात वर्षांची असताना तिनं गल्लीतली पोरं उंचीप्रमाणे रांगेत उभी केली होती आणि शिंक आली तरी हलायचं नाही असा हुकूम सोडला होता. तेव्हापासून हे नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे पोरीनं खरोखरच संरक्षणशास्त्र घेऊन पदवी केली, वर्गात पहिली आली. अधिकारी निवडीच्या पाच दिवसांत दोऱ्या चढली, फळ्या टाकून खड्डे ओलांडले, मानसशास्त्राचे पेपर लिहिले, मुलाखत दिली. चौदा जणांतून दोघं निवडली गेली, त्यातली एक ही. आणि मग तो मेला कान.

घरात आठ दिवस कुणी मोठ्यानं बोललं नाही. वडील बस डेपोत ब्रेक दुरुस्त करायचे; ते संध्याकाळी यायचे, हात धुवायचे आणि तिच्या दारात उभे राहून "जेव गं" एवढंच म्हणायचे. आई शाळेच्या गणवेशांना काजं करून द्यायची; तिच्या मशीनचासुद्धा आवाज उतरला होता. वहिनीला सातवा महिना लागलेला, ती बिचारी उशाशी येऊन नुसती बसायची. बोलले ते मामा. मामांना न बोलणं जमतच नाही.

"अगं, लढाईचं शिकलीस म्हणून लढायलाच हवं का?" मामा बँकेच्या परीक्षेचा फॉर्म घेऊनच आले होते. "मी वाणिज्य शिकलो. मी काय व्यापार करतोय? पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात बसतो, पाच वाजता घरी येतो. सुखात आहे."

"मामा, तुम्ही सुखात आहात हे दिसतंच आहे," ती मामांच्या पोटाकडे बघून म्हणाली. आठ दिवसांतलं तिचं ते पहिलं धड वाक्य. आईचा जीव भांड्यात पडला.

नवव्या दिवशी ती कॉलेजात गेली, आपल्या वह्या परत आणायला. संरक्षणशास्त्राचा विभाग म्हणजे तळमजल्यावरच्या दोन खोल्या. एकीत बाकं, दुसरीत नकाशांची कपाटं आणि मधोमध वाळूचा मोठा हौद, त्यात डोंगर-नद्या करून शिकवायचे. विभागाचे प्रमुख लष्करातून पाठ मोडून घेऊन लवकर बाहेर पडलेले, म्हणून सगळे त्यांना कप्तान सर म्हणत. ते फवारणीची बाटली घेऊन वाळू ओली करत होते.

"रडून झालं?" त्यांनी वर न बघता विचारलं.

"झालं."

"खोटं. पण चालेल. इकडे ये."

भिंतीवर त्यांनी स्वतः रंगवलेला एक तक्ता होता. 'पदवीनंतर काय?' आणि खाली दहा चौकटी. चार वर्षं ती त्या तक्त्यासमोरून येत-जात होती. सरांनी तिला जवळ नेऊन उभं केलं.

"काय दिसतंय?"

"दहा चौकटी."

"नीट बघ. पहिल्या चौकटीवर बोटांचे डाग पडून रंग उडालाय. 'सैन्यदलात अधिकारी'. पंधरा वर्षांत आलेल्या प्रत्येक पोरानं तिथंच बोट ठेवलं. बाकीच्या नऊ बघ. काल रंगवल्यासारख्या आहेत. कुणी हातसुद्धा लावलेला नाही."

"कारण त्या समजूत काढायला रंगवल्यात, सर." असं बोलायला नको होतं, पण बोलून गेली.

सर रागावले नाहीत. त्यांनी स्टूल ओढलं, पाठ सांभाळत बसले, आणि एकेक चौकट वाचायला लागले. सनदी सेवा. तीन वर्षं अभ्यास आणि मग नशीब, ती म्हणाली. प्राध्यापकी. मला हजेरी घ्यायची नाही. संशोधन संस्था. दुसऱ्यांनी केलेल्या लढायांवर मी टिपा लिहीत बसू? संरक्षण विषयाची पत्रकारिता. मला प्रश्न विचारायला आवडत नाही सर, मला उत्तरं द्यायला आवडतात. बंदरं आणि वीजकेंद्रांची सुरक्षा. म्हणजे दारात उभं राहून पिशव्या तपासायच्या.

"पिशव्या नाहीत तपासायच्या, पूर्ण सुरक्षा आखायची असते, अर्धवट!" आता मात्र सरांचा पारा चढला. "ऐक. मी बारा वर्षं वर्दीत होतो. त्यातले गोळीबाराचे दिवस मोजून एकोणीस. बाकी बारा वर्षं मी काय करत होतो? माणसं किती, पाणी किती, गाड्या किती, पूल पेलेल का, अंधार पडायच्या आत पोचू का. तू चार वर्षं हेच शिकलीस. आणि ह्यातलं काहीही करायला कान लागत नाही."

सरांनी टेबलावरून वर्तमानपत्राचं कात्रण उचलून तिच्या हातात दिलं. जिल्ह्याच्या आपत्कालीन कार्यालयात नियोजन अधिकारी हवा. नकाशावाचनाची परीक्षा, मग आराखडा लिहून मंडळासमोर मांडायचा. शिक्षणाच्या रकान्यात संरक्षणशास्त्राचं नाव स्पष्ट लिहिलेलं. चौकट क्रमांक नऊ. जागा एकच.

एकच जागा म्हटल्यावर तिच्यातला जनरल जरा हलला.

घरी जाऊन तिनं सांगून टाकलं. "ही एक परीक्षा देते. नाही झाली तर मामांचा फॉर्म भरते आणि पुन्हा कधी तोंडातून नकाशा हा शब्द काढत नाही." आईनं तिच्याकडून तसं वचनच घेतलं. वडलांची नोकरी वर्षभराची राहिलेली, घरात बाळ येणार, दादाच्या छापखान्यात आज काम आहे तर उद्या नाही. आणखी तीन वर्षं पोरीनं दुसऱ्या कुठल्या भरतीसाठी पहाटे उठून धावावं आणि पुन्हा कुणीतरी शिक्का मारावा, हे आईला बघवलं नसतं. जनरललाही नसतं. म्हणजे चार वर्षं शिकलेलं कामाला येणार की कपाटात जाणार, ते या एका जागेवर ठरायचं होतं.

तीन महिने तिनं स्वतःला जुंपून घेतलं. सकाळी सात वाजता ती नकाशाच्या खोलीत हजर असे. उंचीच्या रेषा बघून डोळ्यांसमोर टेकडी उभी राहिली पाहिजे, असं सरांचं म्हणणं. त्या रेषांवरून ती वाळूत टेकडी करायची आणि सर फूटपट्टी लावून चुका काढायचे. मग धरणांचे, पुरांचे, आगींचे जुने अहवाल. कुठला पूल कधी बंद झाला, कुणाला निरोप किती वाजता मिळाला, का नाही मिळाला. दुपारी लिहायचं. तिची भाषा सुरुवातीला फार नटलेली असायची. सर लाल पेनानं अर्धं पान मारून टाकत आणि समासात लिहीत, 'लांबण'. महिन्याभरात ती एका पानात आराखडा लिहायला शिकली. शेवटचे पंधरा दिवस रोज पाच मिनिटं उभं राहून बोलायचं. समोर सर, ग्रंथपाल आणि बळंच पकडून आणलेला कॉलेजचा शिपाई. शिपाई एकदा म्हणाला, "ताई, तुमचं सगळं पटतं, पण भीती वाटते." त्यावर सर पोट धरून हसले.

परीक्षेला एकसष्ट जण होते. नकाशाच्या पेपरात ती पहिली आली. आराखड्यासाठी तिघांना बोलावलं.

एका मोठ्या टेबलावर जिल्ह्याचा नकाशा अंथरला होता. नदीच्या वळणात, बांधाच्या खाली एक करडा ठिपका होता: खालची वस्ती, घरं चारशे बारा. वर धरण. धरणाचे दरवाजे एकदम उघडावे लागले तर पाणी वस्तीत पोचायला नव्वद मिनिटं. माणसं उंचावरच्या मोठ्या शाळेत न्यायची, साडेतीन किलोमीटर. चार तासांत लिहा.

तिनं तीनच तासांत लिहिलं. काय लिहिलं म्हणून सांगू! वस्तीचे सहा भाग केले, प्रत्येक भागाची एक तुकडी, प्रत्येक तुकडीला एक म्होरक्या, वाटेत तीन तपासणी नाके, तुकड्यांमध्ये अंतर किती, आधी कोण निघणार, मग कोण. निरोप आणि जमवाजमव वीस मिनिटं. चाल बेचाळीस मिनिटं. हाताशी अठ्ठावीस मिनिटं शिल्लक. खाली सही करताना तिला स्वतःचाच अभिमान वाटला, आणि का वाटू नये?

मंडळात तिघं होते. मधे कार्यालयाच्या प्रमुख, आधी अग्निशमन दलात सव्वीस वर्षं काढलेल्या. एका भुवईत जळल्याची रेघ. उजवीकडे उपप्रमुख, चष्मा कायम कपाळावर चढवलेला. डावीकडे धरणाचे अभियंते, ते फारसं बोलले नाहीत.

"बेचाळीस मिनिटं कशी काढली?" प्रमुख बाईंनी विचारलं.

"ताशी पाच किलोमीटर, मॅडम. पायदळाच्या चालीचा नेहमीचा वेग."

अभियंत्यांनी पेनाचं टोपण लावलं. बाई नकाशावर पुढे वाकल्या.

"तुम्ही राहता कुठे?"

ती चपापली. मग तिनं नकाशावर बोट ठेवलं. करड्या ठिपक्याच्या आत.

"इथं."

"घरात कोण कोण?"

"आई, वडील, दादा, वहिनी."

"वहिनी कशा आहेत?"

"सातवा... आता दहावा..." तिची जीभ अडखळली. "नाही, म्हणजे बाळ झालं. वीस दिवसांचं आहे."

"आणि वडील?"

"वडलांचा गुडघा गेलाय. जिना चढताना एकेका पायरीवर थांबतात."

"मग ते साडेतीन किलोमीटर बेचाळीस मिनिटांत जातील?"

तोंडात मारल्यासारखं झालं तिला. चार महिन्यांपूर्वी याच खांद्यांवर तारे लागायचे राहिले होते, आणि आज कळत होतं की आपण आपल्याच बापाला पाठीवर पंधरा किलो ओझं दिलेला जवान धरून आराखडा केला. स्वतःच्या घराचा ठिपका समोर होता आणि तिला त्यात एक माणूस दिसला नव्हता. तिला इतकी शरम वाटली की कानशिलं तापली.

"संरक्षणशास्त्रवाले सगळे हेच करतात," उपप्रमुख म्हणाले. "दर वेळी. फौज समजतात."

"तिन्ही उमेदवारांना एक आठवडा देतेय," बाई म्हणाल्या. "आराखडा दुरुस्त करून आणा. पुढच्या बुधवारी."

बाहेर पडल्यावर दुसरी कुणी असती तर रडली असती. हीसुद्धा रडली, पण बसमध्ये, दोन थांबे फक्त. तिसऱ्या थांब्याला तिनं वही काढली आणि लिहिलं: 'खरा वेग किती?' असा आकडा तिच्या कुठल्याच पुस्तकात नव्हता. पुस्तकात सैनिकांचा वेग होता, खेचरांचा होता, चिखलातल्या गाड्यांचा होता. आईचा नव्हता.

रविवारी सकाळी तिनं घरच्यांना आणि शेजाऱ्यांना अंगणात उभं केलं. वडील, आई, वहिनी आणि तिच्या कुशीत बाळ. शेजारीण आणि तिची अडीच वर्षांची जुळी. समोरचे काठी टेकत चालणारे पेन्शनर आजोबा आणि त्यांचं औषधांचं खोकं, कारण ते खोक्याशिवाय नाक्यावरही जात नसत. दादाला तिनं घड्याळ दिलं.

"जनरल, आता आम्हाला पण उंचीप्रमाणे उभं करणार का?" आजोबांनी विचारलं.

"नाही आजोबा. तुम्ही रोज चालता तसं चालायचं. मी काही बोलणार नाही."

"तू बोलणार नाहीस? मग येतोच."

निघायलाच बावीस मिनिटं लागली. वहिनीला बाळाचं दुपटं सापडेना, आईनं गॅस बंद केला की नाही ते बघायला दोनदा परत फेरी मारली, जुळ्यांपैकी एकानं चप्पल घालायला साफ नकार दिला. जनरलनं दात आवळून धरले आणि सगळं वहीत लिहिलं. मग निघाले. जुळी शंभर पावलं धावायची आणि रस्त्यात बसकण मारायची. आजोबांना वाटेत ओळखीचे तिघे भेटले. "आजोबा, पूर येतोय ना," ती न राहवून म्हणाली, तर आजोबा म्हणाले, "पूर आला तरी माणसाशी दोन शब्द बोलायचे नाहीत का?" तिनं तेही लिहिलं.

नऊशे मीटर गेल्यावर वडील थांबले. घाम फुटला होता, एक हात गुडघ्यावर. रस्त्याकडेला एक लांबलचक भिंत होती, तिच्या कट्ट्यावर त्यांनी बैठक मारली.

"तुम्ही व्हा पुढे. मी येतो मागनं."

"बाबा, पुरात असं म्हणून चालणार नाही."

"मग मला इथंच ठेव," वडील हसत म्हणाले आणि पाठीमागच्या भिंतीवर थाप मारली. "माझाच तर डेपो आहे हा. इथनं आत जाता आलं असतं तर मी एव्हाना वर जाऊन चहा पीत बसलो असतो."

"वर म्हणजे?"

"वरच्या मजल्यावर. गाड्या उभ्या करतो तिथं. मागच्या मोठ्या पुरात खाली खांद्याएवढं पाणी होतं, आम्ही वर कोरडे. दोन दिवस पत्ते खेळत होतो."

ती भिंतीकडे बघतच राहिली. डेपो तिला माहीत नव्हता का? वडलांचा डबा घेऊन शंभरदा गेली होती ती तिथं, पुढच्या दारानं, उड्डाणपुलाला वळसा घालून. पण नकाशात डेपो सखल जागेत होता. उंचीच्या रेषा बघून कुठल्याही शहाण्या विद्यार्थ्यानं तो पहिल्या फटक्यात बाद केला असता, तिनंही केला होता. रेषा जमिनीची उंची सांगतात. त्या जमिनीवर कुणी सिमेंटचा मजला चढवलाय, त्यावर जायला बससाठी उतार बांधलाय, हे त्या सांगत नाहीत.

"बाबा, या बाजूनं आत जायला वाट नाहीच का?"

"आहे की. ते काय मागचं फाटक." वीस पावलांवर एक गंजलेलं लोखंडी फाटक होतं, अर्धं वेलीखाली गेलेलं. "अकरा वर्षं बंद आहे. कुणीतरी टायर चोरले म्हणून कुलूप ठोकलं, ते ठोकलंच."

तरी तिनं सगळ्यांना शाळेपर्यंत नेलं. मोजायचं ठरवलं होतं ना, मग मोजायचं. वडलांना रिक्षात न घालता, अर्ध्या वाटेत आजोबांच्या काठीत वाटेकरी करून, शेवटी जुळ्यांपैकी एकाला स्वतःच्या पाठीवर आणि दुसऱ्याला दादाच्या पाठीवर घेऊन ती शाळेच्या पायऱ्यांशी पोचली तेव्हा घड्याळात एक तास सत्तेचाळीस मिनिटं झाली होती. वर निघायची बावीस. पाणी नव्वद मिनिटांत येणार. दादानं घड्याळ तिच्यापुढे धरलं आणि त्याचाही चेहरा पडला. हे सगळे हसतखेळत आलेले लोक एकोणचाळीस मिनिटं आधीच पाण्याखाली गेले होते.

सोमवारी आणि मंगळवारी ती डेपोत होती. वडलांनी साहेबांना सांगून तिला आत घेतलं. तिनं उताराचा चढ मोजला, वरचा मजला पावलांनी मोजला, फाटकाची रुंदी मोजली. फाटकाच्या मोठ्या दोन कवाडांपैकी एकाचं बिजागर जाम झालेलं, उघडलं तर एकच कवाड उघडणार. एका कवाडातून मिनिटाला किती माणसं जातील? दुपारची शाळा सुटली तेव्हा ती तेवढ्याच रुंदीच्या दारापाशी उभी राहून मुलं मोजत होती. शाळेच्या रखवालदारानं दोनदा हटकलं. मग तिनं आराखडा लिहिला. एक पान.

मंगळवारी संध्याकाळी ती सरांकडे गेली. सरांनी ते पान दोनदा वाचलं, आणि लाल पेन काढलंच नाही.

"शाळेची जागा कुणी ठरवलीये, ठाऊक आहे?"

"हो. कार्यालयाचा आठ वर्षांपूर्वीचा आराखडा आहे. उपप्रमुखांची सही आहे त्यावर."

"म्हणजे मंडळातल्याच माणसाला तू सांगणार, तुमचा आराखडा चुकलाय. नोकरी मागायला जाऊन."

"डेपो पर्याय म्हणून खाली लिहू शकते सर. शाळा वर ठेवून. कुणाला लागणार नाही."

"लिहू शकतेस."

तिनं वाळूच्या हौदातली एक टेकडी बोटानं सपाट केली. एकच जागा. आईला दिलेलं वचन. मामांचा फॉर्म अजून टीव्हीखाली पडलेला होता. मग तिच्या डोळ्यांपुढे वडील आले, कट्ट्यावर बसलेले, तुम्ही व्हा पुढे म्हणणारे.

"खाली नाही लिहिणार," ती म्हणाली आणि कागद दप्तरात घातला.

बुधवारी ती शेवटची होती. आधीच्या दोघांनी वेग कमी करून, गाड्या वाढवून शाळेचाच आराखडा सुधारून आणला होता, असं बाहेर कळलं. ती आत गेली, उभी राहिली, आणि पाच मिनिटांत सगळं सांगून टाकलं. निघायला बावीस मिनिटं. शाळेपर्यंत एक तास सत्तेचाळीस. डेपोच्या मागच्या फाटकापर्यंत, ह्याच माणसांना, सव्वीस मिनिटं. एक कवाड उघडं धरून, वस्तीतली अठराशे माणसं वर पोचायला सगळी मिळून बहात्तर मिनिटं. वर ऐंशी गाड्यांची जागा, गाड्या उभ्या असतील तर म्हाताऱ्यांना बसायला सीट तयार.

उपप्रमुखांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला. "म्हणजे तुमचं म्हणणं, आमचा मंजूर आराखडा माणसं बुडवणार?"

"हो, सर."

उपप्रमुखांनी आधीच्या दोघांचे कागद पुढे ओढले.

"गाड्यांनी नेता येतील. तिघांपैकी दोघांनी तेच सुचवलंय."

"वस्तीत एकच रस्ता आहे सर, दहा फुटी. एक बस आत शिरली की चालणाऱ्याला वाट उरत नाही. मी उभी राहून पाहिलंय."

"अकरा वर्षं बंद फाटक. कुलूप कुणाचं, जबाबदारी कुणाची, परवानगी कोण देणार?"

"ते मला माहीत नाही," ती म्हणाली. "पण माझे वडील पुढे जाऊ शकत नाहीत सर. नऊशे मीटरवर बसतात ते. त्यांना मी तरी शाळेपर्यंत नेलं, तर तोवर पाणी येऊन गेलेलं असतं. नुसती तुमची सही आहे म्हणून मला शाळा लिहिता येणार नाही. नोकरी दुसऱ्याला द्या, पण ते फाटक उघडा."

उपप्रमुखांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्यांनी तिचं पान जवळ ओढून आकड्यांवरून बोट फिरवलं, एकदा, दोनदा. "मी त्या वस्तीत पायी गेलोच नव्हतो," ते शेवटी म्हणाले, बाईंकडे बघून. "गाडीतून गेलो होतो."

बाईंनी मान हलवली. मग जनरलकडे वळल्या.

"सैन्यानं नाकारलं म्हणून तुम्ही इथं आलात. उद्या त्यांनी बोलावलं तर?"

या प्रश्नाचं उत्तर सरांनी तिच्याकडून घोटून घेतलं होतं. चांगलं चार वाक्यांचं, सेवा आणि निष्ठा असलेलं. तिनं तोंड उघडलं आणि त्यातला एक शब्द निघेना.

"गेल्या बुधवारी विचारलं असतंत तर पळत गेले असते," ती म्हणाली. "आता आधी ते फाटक उघडून घ्यायचंय मला. ते जाम झालेलं बिजागर काढून दुसरंही कवाड चालू केलं तर अजून बारा मिनिटं वाचतात. मग बघू."

बाईंनी टेबलावरचा फोन ओढला, वहीतून नंबर शोधला, फिरवला. तिला वाटलं, झालं, आता जायला सांगतील. ती कागद गोळा करायला लागली.

"डेपो मॅनेजर आहेत का? आपत्कालीन कार्यालयातून बोलतेय. तुमच्या मागच्या फाटकाचं काम आहे. हो, तेच, बंद असलेलं. उद्या सकाळी आमच्या नियोजन अधिकारी येतील बघायला."

तिनं मागे वळून दाराकडे पाहिलं, कोण आलंय म्हणून. दारात कुणी नव्हतं.

बाईंनी फोनवर हात ठेवला. "किती वाजता जाल?"

कागद हातातून घसरले ते अभियंत्यांनी उचलून दिले. तिला रडू येत होतं आणि हसूही, आणि मंडळासमोर दोन्ही करायची लाज वाटत होती, म्हणून ती ताठ उभी राहिली.

"साडेसातला, मॅडम. पहिली पाळी तेव्हाच लागते," ती म्हणाली. "बाबांबरोबरच जाते."